गुळानं बसवलेली कॅप

रविवार, १२ जानेवारी. जागा: संकेश्वरच्या अलीकडं, आमच्या रानाला लागून असलेलं गुऱ्हाळ. हजर: माझा थोरला भाऊ, म्हणजे अण्णा, त्याची बायको, म्हणजे वैनी, वैनीचा पुण्याचा भाऊ, ज्याला सगळे पाव्हणं म्हणतात, माझे यजमान, गुळव्या, आणि मी. शिवाय भावकीतले दहा-बारा पुरुष, ज्यांना त्या दिवशी काही काम नव्हतं आणि एरवीही नसतं. गैरहजर: अक्कल.

मी बेळगावात एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला आहे. आधी तारीख, मग हजेरी, मग काय घडलं, ही सवय तिथली. घरच्या लोकांना तिचं हसू येतं. पण नंतर ‘असं झालंच नव्हतं’ म्हणणारेही हेच लोक असतात, म्हणून मी लिहिते.

अण्णाच्या तोंडाची परिस्थिती आधी सांगितली पाहिजे. डावीकडच्या खालच्या तीन दाढा त्यानं एकेक करून काढून टाकल्या. दुखली, काढली. त्याचं तत्त्वज्ञान एवढंच. आमच्याकडं दाढ दुखली की पहिल्यांदा तंबाखूची चिमूट धरतात. निपाणीपासून संकेश्वरपर्यंत कुठल्याही घरात विचारा, हाच उपाय सांगतील. तंबाखूनं दाढ खराब होते, ती दुखते म्हणून तंबाखू धरायची, आणि मग ती हलायला लागली की अभिमानानं सांगायचं की तंबाखूनं सहा महिने कळ दाबली. डावीकडं चावायला काही उरलं नाही तेव्हा अण्णा सगळं उजवीकडं चावायला लागला. म्हणजे जोंधळ्याची भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी, हे सगळं ओझं उजवीकडच्या एका मोठ्या दाढेवर आलं. बाकीच्या नुसत्या नावाला आहेत.

ही एक दाढ गेली तर कवळी. आणि कवळीला अण्णा जेवढा भितो तेवढा सापालाही भीत नाही. आमचे वडील शेवटची वर्षं कवळी वाटीत काढून ठेवून भाकरी आमटीत कुस्करून खात होते. अण्णा शेजारी बसून ते बघायचा आणि उठून जायचा. “आसलं जेवन मला नको,” असं तो तेव्हापासून म्हणतो. पण नको म्हणण्यापलीकडं त्यानं त्यासाठी काही केलं नाही.

दिवाळीत चकलीनं त्या दाढेचा कोपरा उडाला. त्यानं तंबाखू धरली. गाल सुजला तेव्हा मी त्याला बेळगावला बोलावलं. माझ्या ओळखीच्या एक दंतवैद्य आहेत, कन्नड बोलणाऱ्या, हात हलका, काम चोख. अण्णा म्हणाला, “कन्नड डॉक्टर नको. आपल्या माणसाकडं जायचं.” मग तो कोगनोळीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात, कोल्हापूरला गेला, सबंध दिवस मोडला, आणि परत आला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं: दाढ वाचेल, नस काढावी लागेल, वर कॅप बसवावी लागेल. फक्त मराठीत सांगितलं. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं आणि उपचार न घेताच तो घरी आला. शेवटी कळ मेंदूत जायला लागल्यावर बेळगावच्याच बाईंकडं आला, आणि त्यांच्याशी अवाक्षर बोलला नाही. बाजारात हाच माणूस बैलाच्या दातांवरून कन्नडमध्ये तासभर घासाघीस करतो. इथं त्यांनी विचारलेलं मी त्याला मराठीत सांगायचं आणि त्याचं उत्तर मी त्यांना द्यायचं. बाईंना मराठी येत होतं, हा भाग वेगळा.

नस काढून झाली. कळ थांबली. कळ थांबली की आमच्याकडं आजार संपतो, त्यामुळं पुढच्या खेपेला त्याला आणायला मला दोनदा जावं लागलं. त्या खेपेला बाईंनी दाढ चारी बाजूंनी घासून बारीक केली, माप घेतलं आणि कायमची कॅप तयार होऊन येईपर्यंत प्लॅस्टिकची तात्पुरती कॅप बसवली. “ही मुद्दाम कच्च्या सिमेंटनं लावलीय,” त्या म्हणाल्या, “परत काढायची आहे ना. त्या बाजूनं कडक नको, चिकट नको.” मी ते मोठ्या अक्षरांत लिहून वैनीच्या फ्रिजवर चिकटवलं. कायमची कॅप सोमवारी, १३ तारखेला बसायची होती. अण्णानं तोंड सांभाळायचे दिवस संपत आले होते. एकच रविवार मधे होता.

आणि त्या रविवारी गुऱ्हाळावर आमचं आधण होतं, म्हणजे आमच्या उसाचा रस काहिलीत चढायचा होता.

उसाच्या मुलखात ऊस खाण्याचेही नियम आहेत आणि ते पुरुषांनी केलेले आहेत. ऊस दातानं सोलायचा. कोयता फक्त तोडायला. सुरीनं सोलून, गंडेऱ्या, म्हणजे बारके तुकडे, करून खाणं हे बायका, म्हातारे आणि शहरातले लोक यांचं काम. शेंड्याकडचा ऊस मऊ असतो, तो मागायचा नाही. बुडक्याकडचा गोड आणि दगडासारखा असतो, तोच मागायचा. कुणी केलेत हे नियम, माहीत नाही. ज्यानं केले त्याचं पुढं काय झालं हे मात्र सांगता येईल. तो आमटीत भाकरी कुस्करत असणार.

पाव्हण्यांनी ऊस हातात घेतला आणि खिशातून घडीची सुरी काढली. एवढंच कारण पुरलं.

“पाव्हणं, ऑपरेशन कराय आलाईसा काय?” अण्णा म्हणाला.

“सोलून खाल्लेला बरा, दाजी. हिरडीला लागतंय.”

“हिरडीला लागतंय!” अण्णानं भावकीकडं बघून ते परत म्हटलं. “ऐकलंसा? पुण्यात दात भाड्यानं मिळत्यात. मालकानं सांगितल्यालं असतंय, जपून वापरा.”

भावकी पोट धरून हसली. भावकीला हसायला तेवढं पुरतं.

पाव्हणेही काही कमी नाहीत. सुरी चालवता चालवता म्हणाले, “तुमची पण एक दाढ टोपी घालून बसलीया म्हणं, दाजी. आक्का सांगत हुती. फ्रिजवर बोर्ड पण लावलाय म्हणं तिच्या नावाचा.”

वैनीनं पदर तोंडाला लावला आणि काहिलीकडं बघायला लागली.

“टोपी घातली म्हणून काय मेलीया व्हय ती?” अण्णा म्हणाला. “आण रं बुडका.”

मी काकवीच्या बरण्या भरत होते. झाकण हातात घेऊनच उठले. “अण्णा, उद्या सकाळी तुझी कायमची कॅप बसायची हाय. एक दिवस दम धर.”

“तू गप गं. बेळगावची झालीस तू.”

“आणि कडक खायचं न्हाय म्हणून डॉक्टरांनी...”

“ऊस कुठं कडक असतोय? ह्यो तर रस हाय.”

मी यजमानांकडं बघितलं. ते म्हणाले, “जाऊ दे गं, हौसेनं खातोय माणूस.” कुठल्याही संकटात ते हेच वाक्य वापरतात. मागं शेजाऱ्याच्या पोरानं टाकीवरून उडी मारली तेव्हाही, हौस आहे त्याची, असंच म्हणाले होते.

अण्णानं पुढच्या दातांनी साल ओढली. एक पट्टा, दुसरा पट्टा. भावकी “व्हय! व्हय!” करत होती. इथवर ठीक होतं, पुढचे दात त्याचे घट्ट आहेत. मग त्यानं पेर उजव्या दाढेखाली धरलं आणि मानेला हिसका दिला. पेर तुटलं. त्यानं चावलं, दोनदा, तीनदा, आणि मग तो थांबला. जीभ आत काहीतरी चाचपत होती. तो वळला आणि चिपाडाच्या ढिगावर थुंकला.

“निघाली काय?” पाव्हण्यांनी विचारलं. त्यांना फार आनंद झाला होता.

मग वैनी काटकी घेऊन चिपाड उकरायला लागली. दहा-बारा पुरुष कडेनं उभे राहून तिला दिशा दाखवत होते. “डावीकडं बघा वैनी, डावीकडं उडाली ती.” “चुंबक आणा रं एक.” प्लॅस्टिकला चुंबक! वाकलं मात्र कुणी नाही. वैनीलाच ती सापडली, मक्याच्या दाण्याएवढी पांढरी कॅप, उसाच्या चोयांत अडकलेली.

मी पर्समधली गोळ्यांची डबी रिकामी केली. “इकडं दे वैनी. धुऊन ह्यात ठेवते. अण्णा, आता त्या बाजूनं काही म्हणजे काही खायचं न्हाय. सकाळी बाई बघतील.”

इथं मी मुद्दाम लिहून ठेवते: या क्षणापर्यंत काहीही बिघडलेलं नव्हतं. तात्पुरती कॅप निघण्यासाठीच असते. आतली दाढ शाबूत होती. डबीचं झाकण लागलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

पण गुळव्याला बोलायचं होतं. आमचा गुळव्या त्याच्या कामात चांगला आहे. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटानं वळतो आणि काहील उतरवायची वेळ बिनचूक सांगतो. दुर्दैवानं, एक गोष्ट येणाऱ्या माणसाला आमच्याकडं सगळंच येतं असं धरलं जातं, आणि तोही तसंच धरून चालतो.

“अण्णा,” तो म्हणाला, “पाक आलाय बगा. गोळीबंद. फरशीला लावला तर फरशी निघंल, पाक न्हाय निघायचा. बेळगावला कशाला जातासा?”

भावकीनं एकमेकांकडं बघितलं. मी त्या चेहऱ्यांवरून ओळखलं की आता हे होणार.

“खुळं झालाईसा काय सगळी?” मी म्हटलं.

वैनीच्या तळहातावरची कॅप अण्णानं उचलली. लेंग्याला पुसली. लेंग्याला! गुळव्यानं काडीच्या टोकावर पाकाची गोळी दिली, अण्णानं ती कॅपमध्ये भरली, कॅप दाढेवर ठेवली आणि जोरात दात आवळले. पाक गरम होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कान लाल झाले, पण ओठ हलले नाहीत. आणि मला ‘कट्’ असा बारीक आवाज आला.

“बसली!” भावकी ओरडली.

“आवाज आला न्हवं? बसली म्हणूनच आला.”

“डॉक्टरचा धंदा बसला म्हना.”

टाळ्या पडल्या. पाव्हण्यांनी फोटो काढला. अण्णा तोंड उघडून चारी बाजूंना दाखवत फिरला, आणि मग सगळ्यांच्या देखत उरलेला ऊस संपवला, त्याच बाजूनं. मी बरण्यांची झाकणं लावून टाकली. आमच्या घरात ज्याला शौर्य म्हणतात ते पाहताना हाताला काहीतरी काम असलेलं बरं.

सोमवारी भोगी होती. वैनीनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी डब्यात बांधून दिली. कॅप बसली की तिथंच कुठंतरी बसून खायची, असा बेत. गाडीत अण्णानं गाल धरला नव्हता, पण धरू नये म्हणून तो दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला होता.

दवाखान्यात भिंतीवर हसऱ्या माणसांची चित्रं आहेत. इतके दात दाखवून हसणारं माणूस मी बेळगाव जिल्ह्यात बघितलेलं नाही. अण्णाला खुर्चीत झोपवलं. बाईंनी आरसा घातला, मग चिमटा. चिमट्याला आधी उसाची एक लांब चोय आली. ती त्यांनी कापसावर ठेवली आणि विचारलं,

“काका, ऊस खाल्ला काय?”

“न्हाय,” अण्णा म्हणाला. चोय तिथंच होती.

मग कॅप निघाली. आतून तपकिरी. बाईंनी ती नाकाजवळ नेली. “मॅडम, हे माझं सिमेंट नाही.”

“गूळ आहे,” मी म्हटलं.

“चांगला हाय,” अण्णा उघड्या तोंडानं म्हणाला. “केमिकल न्हाय त्यात.”

बाईंच्या मदतनीस मुलीनं तोंड फिरवलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दाढेवर बारीक हत्यार टेकवलं आणि जिभेकडची बाजू किंचित दाबली. ती हलली. पूर्ण दाढ नाही, तिची एक भिंत. कॅप तिरकी बसली होती आणि तिच्यावर त्यानं सगळी ताकद लावून दात आवळले होते. नस काढलेली, घासून बारीक केलेली दाढ त्या दाबाला उभी फाकली. मी ऐकलेला तो ‘कट्’ होता. तयार होऊन आलेली कायमची कॅप त्यांनी बसवून बघितली. सुंदर होती, दातासारखा दात. ती डुगडुगली. माप ज्या दाढेचं घेतलं होतं ती दाढ आता नव्हती. त्यांनी ती परत ठेवून दिली.

अण्णा छताकडं बघत होता. मी वाट बघत होते की तो मला काहीतरी विचारायला सांगेल, नेहमीसारखं. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. सरळ बाईंना विचारलं, कन्नडमध्ये, स्वच्छ, आदरानं: “राहील काय हो ही?”

बाईंनीही कन्नडमध्येच सांगितलं. चीर हिरडीपाशी थांबलीय असं एक्स-रेच्या फोटोत दिसतंय. सुटलेली भिंत काढू. हिरडी थोडी कापू. दाढेच्या मुळात बारीक खिळी घालून वर दाढ नव्यानं बांधू. हिरडी भरली की नवं माप, नवी कॅप. पण कॅप बसेपर्यंत त्या दाढेवर भाकरीसुद्धा नाही. मधेच मूळ चिरलं तर काढण्याशिवाय इलाज नाही, आणि मग कवळी.

कवळीला कन्नडमध्ये त्या काय म्हणाल्या ते माझ्या लक्षात राहिलं नाही. अण्णाच्या राहिलं असावं. त्यानं फक्त मान हलवली आणि तोंड उघडलं. सगळं काम त्याच दिवशी झालं. भोगीची भाकरी घरी गेल्यावर माझ्या यजमानांनी खाल्ली. छान झालीय म्हणाले.

तेव्हापासून अण्णा भाकरी दुधात भिजवून खातोय. वैनी फोनवर सांगते, “वन्सं, ताट घेऊन घरामागं परड्यात जाऊन बसत्यात. कुनी बघू ने म्हणून.” भावकीत मात्र गोष्ट वेगळी फिरतेय. तिथं गूळ बसला होता पक्का, डॉक्टरणीनं उचकटून काढला म्हणून दाढ गेली, असं ठरलंय. पाव्हण्यांनी काढलेला फोटो पुराव्यादाखल दाखवतात. गुळव्या विचारणाऱ्याला सांगतो की आपला पाक कच्चा नव्हता. मी एकदा तिथं खुलासा करायला गेले आणि अर्ध्यात परत फिरले. ज्यांनी चुंबक मागितला त्यांना मी काय सांगणार?

हिरडी भरली असणार, असं बाई म्हणतात. मापासाठी या, म्हणतात. मी दिवस ठरवला, अण्णानं मोडला. टोळी आलीया ऊस तोडायला, म्हणाला. दुसरा ठरवला. मोटर जळाली म्हणाला. वैनीला विचारलं, मोटर चालू होती. तिसऱ्या वेळी मी त्याला फोनवर सरळ विचारलं, “अण्णा, दुखतंय काय?”

“न्हाय.”

“हलतीया काय?”

“जीभ लावून बघत न्हाय मी.”

तेव्हा मला त्याचा हिशेब कळला. जोवर बाईंनी आत आरसा घातला नाही तोवर दाढ आहे. बघितली आणि चीर खाली गेलेली निघाली तर नाही. म्हणून तो जात नाही. परड्यात बसून भिजवलेली भाकरी गिळतोय, ज्या जेवणाला आयुष्यभर भ्याला तेच जेवतोय, आणि ते जेवण चुकवायला जिथं जायचं तिथं जायला भितोय. बुडका फोडणारा हाच तो पुरुष.

“हे बघ,” मी म्हटलं, “कॅपशिवाय ती दाढ अशीच राहिली तर एक दिवस मऊ भातानंपण चिरंल. बाईंनी हेच सांगितलंय.”

“कळतंय गं मला.”

“मग गुरुवारी?”

“गुरुवारी बघू.”

‘बघू’ म्हणजे नाही. गुरुवारी मी अर्धी रजा टाकलीय, गाडी सांगितलीय, वैनीला त्याची चप्पल आणि मफलर दाराशी काढून ठेवायला सांगितलंय. बाईंना वेळ विचारून ठेवलीय. त्यांनी दिलीय, या वेळी नक्की या म्हणाल्या. यातलं जे मला करता येण्यासारखं होतं ते झालं. अण्णाला गाडीत बसवायचं आणि माप द्यायचं, ते अजून राहिलंय.